पुण्यातील जुनी वर्कस्टेशने: कचेरीपासून गेमिंगपर्यंत

कंपनीने वापरून काढून टाकलेला संगणक विकत घ्यायचा, त्यात ग्राफिक्स कार्ड, जास्तीची रॅम आणि एसएसडी बसवायची आणि नव्या गेमिंग पीसीपेक्षा बऱ्याच कमी किमतीत घरी खेळायला यंत्र उभे करायचे, हा प्रकार पुण्यात आज नवा राहिलेला नाही. त्याला लागणारा माल शहरातच तयार होतो. हिंजवडी, खराडी आणि मगरपट्ट्यातली कार्यालये दर तीन-चार वर्षांनी यंत्रे बदलतात, पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या कारखान्यांचे डिझाइन विभाग साध्या पीसीपेक्षा दणकट वर्कस्टेशने वापरून मोकळी करतात आणि हा माल घेणारा विद्यार्थी पेठांत, वसतिगृहांत आणि कॉट बेसिसवर राहतो. या दोन टोकांना जोडणारा दुरुस्तीवाला मात्र संगणकाच्याही आधीपासून पुण्यात होता.

बुधवार पेठेतली तपकीर गल्ली ही शहराची विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक सामानाची बाजारपेठ. वायर, दिवे, स्विच, चार्जर, सीसीटीव्ही, लॅपटॉपचे सुटे भाग अशी माल बदलत गेलेली दुकाने तिथे एकमेकांना खेटून उभी आहेत. रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि कॅल्क्युलेटर उघडून बसणाऱ्या कारागिरांची पिढी १९८०च्या दशकात संगणकाकडे वळली, कारण हातात सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर घेतलेल्या माणसाला पॉवर सप्लाय हा दोन्हीकडे ओळखीचाच भाग होता. या वाटेने गेलेले सर्वांत प्रसिद्ध नाव म्हणजे कैलास काटकर. कॅल्क्युलेटर आणि रेडिओ दुरुस्तीपासून सुरुवात करून ते संगणक दुरुस्तीत शिरले आणि १९९०च्या दशकात त्यांची कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस उभी राहिली. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरस सापडत, म्हणून धाकटे भाऊ संजय काटकर यांनी तो काढणारा प्रोग्राम लिहिला. तोच पुढे ‘क्विक हील’ झाला आणि २००७मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतले. अँटिव्हायरस कंपनी म्हणून तिची कथा अनेकदा सांगितली जाते. इथे महत्त्वाचे एवढेच, की तिच्या मुळाशी दुरुस्तीचे दुकान होते.

संगणक पुण्यात आले ते मात्र वरच्या दाराने. १९८१मध्ये हडपसर औद्योगिक वसाहतीत टाटा संशोधन, विकास व आरेखन केंद्र सुरू झाले. नोव्हेंबर १९८४च्या नव्या संगणक धोरणाने आयातीवरची बंधने आणि शुल्क सैल केले, आणि पीसी हळूहळू बँका, कारखाने व सरकारी कचेऱ्यांपर्यंत पोहोचू लागला. १९८८मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेची स्थापना झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथे १९९१मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला.

परमची कीर्ती मोठी. तरी ऑफिसच्या यंत्रात कार्ड घालून त्याच्याकडून वेगळे काम करवून घेण्याच्या इतिहासात सी-डॅकचे दुसरे उत्पादन जास्त जवळचे आहे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुण्यात आले आणि त्यातून जिस्ट कार्ड निघाले. डॉसवर चालणाऱ्या, इंग्रजीखेरीज काही न जाणणाऱ्या पीसीच्या मोकळ्या स्लॉटमध्ये हे कार्ड बसवले की पडद्यावर देवनागरी उमटत असे. वर्डस्टार, लोटस किंवा डीबेस या प्रोग्रामना त्याचा पत्ताही नसे. संगणक तोच, प्रोग्राम तेच, आणि पडद्यावर मराठी. बंद पेटीच्या मूळ हेतूबाहेरचे काम एका जोड-कार्डाने तिच्याकडून करवून घेता येते, हे महाराष्ट्रातल्या कित्येक कचेऱ्यांनी पहिल्यांदा पाहिले ते जिस्टमुळे. त्यात खेळाचा भाग काहीच नव्हता. कल्पना मात्र तीच होती.

त्या काळात गेमसाठी यंत्र वाढवण्याची गरजही फारशी नव्हती. प्रिन्स ऑफ पर्शिया किंवा डेंजरस डेव्ह फ्लॉपीवरून ऑफिसच्या पीसीवर चालत. लंच टाइममध्ये खेळायचे आणि साहेब आले की पडद्यावर हिशेबाचा तक्ता आणायचा, एवढेच कौशल्य पुरे होई. १९९३च्या डूमने ३८६ प्रोसेसर आणि ४ एमबी रॅम मागितली, तेव्हा पहिल्यांदा ‘रॅम वाढवून देता का’ हा प्रश्न दुकानात आला. १९९६च्या क्वेकने त्याहून पुढची अडचण केली. त्याला दशांश अपूर्णांकांचे गणित वेगाने करणारा पेंटियम हवा होता, नुसती जास्त रॅम त्याच्या कामाची नव्हती. त्याच वर्षी थ्रीडीएफएक्सचे वूडू कार्ड आले आणि गेमचे चित्र रंगवण्याचे काम प्रोसेसरकडून काढून वेगळ्या चिपकडे गेले. १९९९मध्ये एनव्हिडियाचे जीफोर्स २५६ आले. तिथून पुढे संगणक गेमिंगचा आहे की ऑफिसचा, हे कार्डावरून ठरू लागले.

घरगुती ग्राहकाला नामांकित कंपनीचा पीसी परवडत नसे. तो असेंबल केलेला घेई. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमधून मदरबोर्ड, हार्डडिस्क, कॅबिनेट असा माल येई आणि पेठेतल्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत तासा-दोन तासांत पीसी जोडून तयार होई. शहरात शिरणाऱ्या मालावर महापालिकेची जकात असे. ती पुण्यात १ एप्रिल २०१३ला बंद झाली, तोवर बाहेरचा स्वस्त माल नाक्यावर थोडा महाग होतच राहिला. त्यामुळे शहरातच वापरून झालेल्या यंत्राचे आकर्षण वाढले, असे मानायला जागा आहे. केंद्रीय आयातशुल्क मात्र याच काळात उतरत गेले. १९९७च्या माहिती तंत्रज्ञान करारात भारत सामील झाला आणि २००५पर्यंत संगणकांवरचे शुल्क शून्यावर आले.

ऑफिसचा संगणक गेमिंगला आणण्याची पहिली धडपड हे शुल्क उतरत असतानाच सुरू झाली आणि बहुतेक वेळा फसली. कारण तांत्रिक होते. १९९९मध्ये इंटेलने ८१० हा चिपसेट काढला. त्यात चित्राचे काम चिपसेटच करी आणि वेगळ्या ग्राफिक्स कार्डासाठी लागणारा एजीपी स्लॉट त्याला जोडताच येत नसे. खर्च वाचतो म्हणून अशी यंत्रे कचेऱ्यांनी शेकड्याने घेतली. ती पुढे स्वस्तात बाहेर पडली, तेव्हा घेणाऱ्याला कॅबिनेट उघडल्यावर कळे की कार्ड लावायला जागाच नाही. साध्या पीसीआय स्लॉटमध्ये बसणारी कार्डे मिळत. त्यांचा वेग यथातथाच असे. ज्याला खेळायचेच आहे तो सायबर कॅफेत जाई. सिफी आय-वे, रिलायन्स वेबवर्ल्ड ही साखळी दुकाने होतीच, शिवाय कॉलेजांच्या आसपास दहा-बारा यंत्रे लॅनने जोडून तासावर काउंटर-स्ट्राइक आणि एज ऑफ एम्पायर्स चालवणारे छोटे कॅफेही होते.

दुसरा धोका पॉवर सप्लायचा, दुकानदारांच्या भाषेत एसएमपीएसचा. १९९०च्या दशकाच्या अखेरीस डेलच्या अनेक डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डला जाणारा २० पिनांचा कनेक्टर दिसायला बाजारातल्या एटीएक्ससारखा हुबेहूब होता, आतल्या तारांचा क्रम मात्र वेगळा. बाजारातला एसएमपीएस त्यात घट्ट बसे, आणि बटण दाबताच बोर्ड जाई. कंपनीच्या मालाला बाजारचा एसएमपीएस लावू नये, हा नियम कारागिरांत रुजला तो असे बोर्ड जाळून. पुढच्या पंधरा वर्षांत कनेक्टर बदलले, तरी नियम खोटा ठरला नाही.

वर्कस्टेशन हा प्रकार या सगळ्यापासून वेगळा होता. पुणे हे वाहनांचे आणि यंत्रांचे शहर. टेल्कोचे, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचे, अभियांत्रिकी संशोधन केंद्र १९६६पासून इथे आहे आणि १९९८मध्ये लोकांपुढे आलेली इंडिका याच केंद्रात घडली. बजाज, किर्लोस्कर, भारत फोर्ज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो कारखाने ड्रॉइंग बोर्डवरून संगणकावर आले. हे काम सुरुवातीला सन, सिलिकॉन ग्राफिक्स, एचपी यांच्या युनिक्स यंत्रांवर होई. ती कित्येक लाखांची असत आणि त्यांचे प्रोसेसरच वेगळ्या जातीचे असल्याने निवृत्तीनंतर घरगुती गेमच्या दृष्टीने निरुपयोगी ठरत. त्यांच्या नशिबी थेट भंगार.

१९९५च्या आसपास चित्र पालटले. इंटेलचा पेंटियम प्रो आणि विंडोज एनटी यांच्या जोडीवर कॅडचे प्रोग्राम चालू लागले. सॉलिडवर्क्स तर १९९५मध्ये केवळ विंडोजसाठीच बाजारात आले. १९९७मध्ये डेलने प्रिसिजन ही वर्कस्टेशनची मालिका सुरू केली, एचपीनेही तशीच यंत्रे काढली. आता वर्कस्टेशन म्हणजे मुळात पीसीच होता, फक्त भारी बांधणीचा: जास्त ताकदीचा एसएमपीएस, झिऑन प्रोसेसर, चूक पकडणारी ईसीसी रॅम, मोठे ग्राफिक्स कार्ड बसेल असा स्लॉट आणि रात्रभर सिम्युलेशन चालले तरी तापणार नाही अशी हवेची वाट. डिझाइन इंजिनिअरच्या टेबलावरचे यंत्र विद्यार्थ्याच्या खोलीत गेमिंगसाठी जाऊ शकले, त्याची खरी सुरुवात या बदलात आहे.

यंत्रांची संख्या वाढवली ती सॉफ्टवेअर कंपन्यांनी. आनंद देशपांडे यांनी १९९०मध्ये पर्सिस्टंट सुरू केली. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कच्या योजनेत पुणे पहिल्या तीन शहरांत होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने हिंजवडीला राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारले, शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनी एकत्र करून उभी केलेली मगरपट्टा सिटी आणि खराडीचे पार्क नंतर आले. प्रत्येक माणसामागे एक संगणक, आणि माणसे हजारोंनी.

हे संगणक चालू अवस्थेत बाहेर का पडतात, याचे उत्तर यंत्रात शोधून सापडत नाही. ते हिशेबाच्या वहीत आहे. आयकराच्या नियमांत संगणकावर २०१६-१७ या आर्थिक वर्षापर्यंत दरसाल ६० टक्के घसारा मिळे. एक लाखाचे वर्कस्टेशन पहिल्या वर्षाअखेर वहीत ४०,००० रुपयांचे, दुसऱ्या वर्षाअखेर १६,००० रुपयांचे आणि तिसऱ्या वर्षाअखेर ६,४०० रुपयांचे उरे. त्यानंतर दर ४० टक्क्यांवर आला, तरी तिसऱ्या वर्षाअखेर किंमत २१,६०० रुपयेच राहते. २०१३च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात तर डेस्कटॉप व लॅपटॉपचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षे आणि सर्व्हरचे सहा वर्षे असे लिहूनच ठेवले आहे. ऑफिसच्या मालाची ऑन-साइट वॉरंटीही बहुधा तीनच वर्षांची असते. मुदत संपली की यंत्र ठणठणीत असूनही कंपनीच्या दृष्टीने ओझे ठरते. गेमिंगच्या चर्चेत घसाऱ्याचे नाव कोणी काढत नाही, पण हा सगळा व्यापार त्या एका आकड्यावर उभा आहे.

निर्यातीसाठी शुल्कमाफीने आणलेल्या यंत्रांना वेगळी अडचण होती. अशी यंत्रे शुल्क भरल्याशिवाय देशी बाजारात विकता येत नसत. ठराविक काळ वापरल्यावर शाळा-संस्थांना दान देण्याची सवलत होती, म्हणून त्यातली काही ग्रामीण शाळांच्या संगणक खोल्यांत पोहोचली. देशातच खरेदी केलेली यंत्रे मात्र लिलावात निघत. लिलाव एकेका संगणकाचा नसतो, ‘लॉट’चा असतो: दोनशे टॉवर, दोनशे मॉनिटर, कीबोर्ड-माउसची पोती आणि मधेच वीस-पंचवीस वर्कस्टेशने. लॉट उचलणारा मोठा व्यापारी तो फोडून छोट्या दुकानदारांना देतो. काही सामान आठवड्याच्या जुन्या बाजारापर्यंत उतरते. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या या बाजारात पितळी दिवे, हत्यारे आणि कपड्यांच्या शेजारी उघडे मदरबोर्ड आणि केबलींचे ढीग मांडलेले दिसतात. तिथे ‘चालू आहे’ या शब्दांपलीकडे हमी नसते. गल्लीतल्या दुकानात निदान लावून दाखवतात आणि काही दिवसांची टेस्टिंग वॉरंटी देतात.

लॉटमधून आलेले यंत्र बहुधा हार्डडिस्कविना असते, कारण कंपनी डेटाच्या भीतीने ती काढून घेते किंवा नष्ट करते. दुसरी खूण बायोसच्या पासवर्डची. कंपनीच्या आयटी विभागाने घातलेला पासवर्ड तसाच राहिलेला असतो. डेलच्या बोर्डावर पीएसडब्ल्यूडी असे लिहिलेला छोटा जंपर काढला की तो निघतो. ही गोष्ट न कळणारा ग्राहक चांगले यंत्र बिघडलेले समजून परत करतो. मग ब्लोअरने धूळ काढायची, प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली पेस्ट बदलायची, सीआर २०३२ बॅटरी नवी घालायची. अर्ध्या तासाचे काम, पण तीन-चार वर्षे एसीत बसलेल्या यंत्राला पुण्याच्या उन्हाळ्यात, पंख्याखालच्या खोलीत टिकवणारे हेच.

२०१२नंतरच्या दशकात बाजारात सर्वांत जास्त फिरले ते साधे ऑफिस टॉवर: डेल ऑप्टिप्लेक्स ७०१० आणि ९०२०, एचपीचे एलिट, लेनोवोचे थिंकसेंटर. त्यातला चार कोअरचा आय५ गेमसाठी पुरेसा होता. अडत होते ते विजेपाशी. ऑप्टिप्लेक्स ७०१०च्या मोठ्या टॉवरमध्ये २७५ वॉटचा एसएमपीएस असतो, ९०२०मध्ये २९० वॉटचा, आणि ग्राफिक्स कार्डासाठी वेगळी तार दोन्हींत नसते. पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्याहून जास्त मागणारे कार्ड अशा यंत्रात चालत नाही. एसएमपीएस बदलावा, तर ९०२०च्या मदरबोर्डला नेहमीच्या २४ पिनांऐवजी ८ पिनांचा कनेक्टर लागतो, म्हणजे आणखी एक अडॅप्टर आला.

या कोंडीतून वाट काढली ती एका कार्डाने. फेब्रुवारी २०१४मध्ये आलेले जीटीएक्स ७५० टीआय केवळ ६० वॉटवर चालत होते, आणि त्याच्या मूळ आवृत्तीला जादा तार लागत नव्हती. ऑफिसच्या कोणत्याही मोठ्या टॉवरमध्ये ते बसवा आणि चालू करा, इतके ते सोपे होते. पुढच्या वर्षी, एप्रिल २०१५मध्ये, जीटीए ५ पीसीवर आला आणि जुना आय५ टॉवर अधिक ७५० टीआय हे समीकरण विद्यार्थ्यांत पक्के झाले. ऑक्टोबर २०१६मध्ये ७५ वॉटचे, ४ जीबी मेमरीचे जीटीएक्स १०५० टीआय आले, २०१९मध्ये १६५०. या तीन कार्डांनी जुन्या ऑफिस पीसींना जितकी वर्षे जगवले तितकी कोणत्याही भारी कार्डाने जगवली नाहीत. चपट्या, आडव्या डेस्कटॉपला मात्र बुटके कार्ड शोधावे लागे, आणि ते मोठ्या कार्डापेक्षा महाग पडे. म्हणून जाणकार गिऱ्हाईक आजही आधी कॅबिनेटचा आकार पाहते, प्रोसेसर नंतर.

वर्कस्टेशनची मौज इथेच कळते. २०१२मध्ये आलेल्या एचपी झेड ४२०चा एसएमपीएस ६०० वॉटचा होता आणि कार्डासाठी ६ पिनांच्या तारा त्यात आधीपासूनच होत्या. आत झिऑन ई५-१६२० असे, चार कोअर, ३.६ गिगाहर्ट्झ. तेच काढून सहा कोअरचा ई५-१६५० घालता येई, आणि कंपन्यांचे सर्व्हर निघू लागले तसे हे प्रोसेसर मातीमोल मिळू लागले. इथेही एक खोच होती. झेड ४२०च्या ज्या बोर्डांची बूट ब्लॉक तारीख २०११ची आहे ते ई५ची दुसरी आवृत्ती स्वीकारत नाहीत. २०१३ची तारीख असलेले बोर्ड स्वीकारतात. बाहेरून दोन्ही यंत्रे सारखीच, स्टिकरही तोच. तारीख बायोसच्या माहितीच्या पानावर दिसते. हे पान उघडून पाहणारा दुकानदार आणि न पाहणारा यांच्या भावात फरक पडे, तो वाजवीच म्हणायला हवा.

वर्कस्टेशनसोबत येणाऱ्या क्वाड्रो कार्डाबद्दल मोठा गैरसमज होता. मूळ किंमत भारी, म्हणून गेमही भारी चालतील, अशी समजूत. क्वाड्रो के२०००मध्ये आणि गेमिंगच्या जीटीएक्स ६५०मध्ये एकच चिप होती, दोन्हींत ३८४ कोअर. क्वाड्रोची किंमत चिपची नव्हतीच. कॅड कंपन्यांनी तपासून मान्य केलेल्या ड्रायव्हरची, स्थिरतेची आणि कंपनीच्या पाठबळाची ती किंमत होती. ड्रॉइंगमधली एक रेघ चुकली तर डाय वाया जाते. तिथे हे पैसे वसूल होतात. गेममध्ये होत नाहीत. म्हणून शहाणा ग्राहक क्वाड्रो काढून दुकानदारालाच परत देई आणि तेवढी रक्कम जीफोर्सच्या किमतीतून वळती करून घेई. छोट्या डिझाइन फर्म आणि कॅड शिकवणारे क्लास ती क्वाड्रो घेत. एकाच यंत्राचे दोन भाग दोन गिऱ्हाइकांना जाण्याची ही सोय पुण्यात होती, कारण दोन्ही प्रकारची गिऱ्हाइके इथे होती.

काही यंत्रे स्वस्त असूनही घेण्यासारखी राहिली नाहीत. एचपी झेड ४०० आणि डेल टी३५०० या २००९च्या पिढीत सहा कोअरचा झिऑन बसतो आणि आकड्यांत तो दमदार वाटतो. पण त्यात एव्हीएक्स या सूचनासंचाचा अभाव आहे. हा संच इंटेलच्या २०११च्या सँडी ब्रिज पिढीपासून आला. नव्या काही गेमना एव्हीएक्स नसेल तर ते सुरूच होत नाहीत, मग कार्ड कितीही चांगले असो. रॅमचीही अशीच गंमत. सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड रॅम कवडीमोल मिळते, म्हणून ती घेऊन ऑप्टिप्लेक्समध्ये खुपसणारे पस्तावतात, कारण साधा ऑफिस बोर्ड ती ओळखतच नाही. एनव्हीएमई एसएसडीवरून विंडोज सुरू करणेही त्या काळच्या बहुतेक बोर्डांना जमत नाही. साधी साटा एसएसडीच घ्यावी लागते, आणि खेळणाऱ्याला त्या दोहोंतला फरक क्वचितच जाणवतो.

मार्च २०२०च्या टाळेबंदीने या व्यापाराचा तोल दोन्ही बाजूंनी बिघडवला. घरून काम आणि ऑनलाइन शाळा यांमुळे चालू स्थितीतल्या कोणत्याही यंत्राला गिऱ्हाईक मिळू लागले, तर बंद कार्यालयांतून नवे लॉट निघेनात. २०२१मध्ये आभासी चलनाच्या मायनिंगमुळे ग्राफिक्स कार्डे दुप्पट किमतीलाही मिळेनाशी झाली. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडली आणि वर्षानुवर्षे अहोरात्र राबलेली आरएक्स ५८०सारखी कार्डे जुन्या बाजारात ओतली गेली. १८५ वॉटचे हे कार्ड साध्या ऑफिस टॉवरला झेपत नाही, वर्कस्टेशनला झेपते. त्यामुळे झेड ४२० आणि डेल टी३६०० यांना पुन्हा मागणी आली. त्याच काळात पुण्यात गेम घडवणारेही नाव मिळवत होते: नॉडिंग हेड्स या स्टुडिओचा ‘राजी’ २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. तो खेळायला भारी यंत्र लागत नाही, ही बाब या व्यापाराला पोषकच.

कायद्याने लॉटची वाट अरुंद केली. ई-कचऱ्याचे पहिले नियम १ मे २०१२पासून लागू झाले, सुधारित नियम ऑक्टोबर २०१६पासून आणि २०२२चे नियम १ एप्रिल २०२३पासून. मोठ्या कंपन्यांना टाकाऊ यंत्रे अधिकृत संस्थेकडेच सोपवावी लागतात. नव्या नियमांत यंत्र दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्याला, म्हणजे रिफर्बिशरला, नोंदणीसह स्वतंत्र स्थान आहे. परदेशातून वापरलेले संगणक आणण्यावर परवान्याचे बंधन आहेच. शहराचा कचरा वेचणाऱ्यांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ची. तिच्यातून उभ्या राहिलेल्या स्वच्छ संस्थेच्या सदस्यांच्या हाती घरोघरचे जुने इलेक्ट्रॉनिक सामान येते. पण कार्यालयांचा मोठा माल त्या वाटेने येत नाही. तो नोंदणीकृत व्यापाऱ्यांकडे जातो, तिथून बिल आणि वॉरंटीसह रिफर्बिश्ड म्हणून विकला जातो. किंमत थोडी वाढली, फसवणूक कमी झाली. हा सौदा ग्राहकाच्या फायद्याचाच आहे.

आता यंत्राचे आयुष्य ठरवणारा आणखी एक घटक पुढे आला आहे, तो म्हणजे सॉफ्टवेअर. ऑक्टोबर २०२१मध्ये आलेल्या विंडोज ११ला टीपीएम २.० आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. विंडोज १०चे नेहमीचे समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ला संपले. व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११वर टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय उघडत नाही. ज्या ७५० टीआय आणि १०५० टीआय कार्डांनी हा व्यापार वाढवला, त्यांच्यासाठी एनव्हिडियाची गेमसाठीची नवी ड्रायव्हर सुधारणा ऑक्टोबर २०२५नंतर थांबली. फक्त सुरक्षेची दुरुस्ती ऑक्टोबर २०२८पर्यंत मिळणार आहे. कार्यालयांनी याच कारणाने सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे बाहेर काढली आणि ती स्वस्त झाली. त्यांवर लिनक्स टाकून स्टीमचे बरेच गेम चालतात, व्हॅलोरंट चालत नाही. गेमिंगसाठी जुने यंत्र घेणाऱ्याने २०२६मध्ये आठव्या पिढीच्या खालचे घेऊ नये, आणि घेतलेच तर त्यात यंत्राच्या किमतीहून महाग कार्ड घालू नये.